खबर लहरिया : हातपंपापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

चित्रकूट जिल्ह्याचं मुख्य ठिकाण कर्वी. मराठी माणसाला हे गाव अगदीच परकं नाही. इंग्रजांशी तह झाल्यावर अमृतराव पेशव्यांचं घराणं इथे येऊन राहिलं. विनायकराव पेशव्यांनी बांधलेली गणेशबाग आजही लोक पाहायला जातात. मे १९९७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कर्वी आणि मऊ या तहसिली बांदा जिल्ह्यातून वेगळ्या काढल्या आणि नव्या जिल्ह्याला नाव दिलं ‘छत्रपती शाहूजी महाराज नगर’. पुढच्याच वर्षी ते बदलून चित्रकूट झालं. कोल्हापूरच्या राजाचं नाव जिल्ह्याच्या पाटीवर वर्ष-सव्वा वर्षच राहिलं. पण ज्या समाजांच्या शिक्षणासाठी त्या राजाने जन्मभर हट्ट धरला, त्याच समाजांतल्या बायकांनी चार वर्षांनी याच कर्वीतून स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. त्याचं नाव ‘खबर लहरिया’.

मे २००२ मध्ये बुंदेली बोलीत छापलं जाणारं हे छोटं पत्र आज मोबाइलवर चालणारी वृत्तवाहिनी झालं आहे आणि रौप्यमहोत्सवापर्यंत येऊन ठेपलं आहे. या काळात कागद गेला आणि कॅमेरा आला. एका जिल्ह्याचं काम अनेक जिल्ह्यांत पसरलं. बातमी आणणारी बाई मात्र त्याच गावात राहणारी आहे. सकाळी ती ज्यांच्याबद्दल लिहिते, संध्याकाळी त्यांच्याच वाटेवरून घरी जाते. या संस्थेचं बळ इथे आहे असं मला वाटतं, म्हणून पुढचा इतिहास मी याच अंगाने सांगणार आहे.

१९९० चं दशक : पान्हे, पाइप आणि पाटी

वर्तमानपत्र २००२ मध्ये निघालं, पण त्याची पायाभरणी दहा-बारा वर्षं आधीच झाली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर केंद्र सरकारने ‘महिला समाख्या’ हा कार्यक्रम सुरू केला. कर्नाटक, गुजरात आणि उत्तर प्रदेशातले मोजके जिल्हे त्यासाठी निवडले, त्यात बांदा होता. दुष्काळी मुलूख, पाठा भागातली खडकाळ जमीन, दरोडेखोरांच्या टोळ्यांचा वावर, गावागावांत घट्ट जातव्यवस्था आणि बायकांमध्ये अक्षरओळख फारच कमी, अशी तिथली स्थिती.

कार्यकर्त्या गावात जाऊन बायकांना विचारत, तुम्हाला काय हवं? उत्तर येई, पाणी. सरकारने हातपंप बसवले होते, पण ते बिघडले की महिनोन् महिने तसेच पडून राहत. म्हणून मानिकपूर भागातल्या दलित आणि कोल आदिवासी बायकांना हातपंप दुरुस्तीचं शिक्षण द्यायचं ठरलं. ही साधी गोष्ट नव्हती. ‘इंडिया मार्क-२’ या पंपाच्या जड लोखंडी पाइपांची माळ जमिनीत खोलवर उतरलेली असते. ती एकेक तुकडा करून वर ओढायची, पकडून धरायची, घासलेले वॉशर बदलायचे, पुन्हा जोडून खाली सोडायची. तेलकट हात, कमरेला खोचलेला पदर आणि खांद्यावर पान्ह्यांची पिशवी. (हा पंप मुळात आपल्याकडच्या ‘सोलापूर पंपा’वरून घडवला गेला. सोलापूरकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा.) ज्या गावातल्या विहिरीपाशी या बायकांना उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याच गावातला पंप बंद पडला की आता त्यांनाच बोलावणं येऊ लागलं. पाणी वर यायला हवं असेल, तर त्यांचा हात पंपाला लागणारच होता.

शिकण्याची गरज इथूनच पुढे आली. कोणता पंप कधी दुरुस्त केला, कोणता भाग बदलला, याची नोंद ठेवावी लागे. सुट्ट्या भागांसाठी अर्ज करावा लागे. तोवर ‘अक्षरं शिकून आम्हाला काय मिळणार’ असं म्हणणाऱ्या बायका आता पाटी-पेन्सिल मागू लागल्या. साक्षरता शिबिरं भरली, निवासी शिक्षण केंद्र उभं राहिलं. स्त्रिया आणि शिक्षण या विषयावर काम करणारी दिल्लीची ‘निरंतर’ ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्या इथे येऊन शिकवण्याची पुस्तकं बायकांच्याच बोलीत आणि त्यांच्याच अनुभवातून तयार करू लागल्या.

पण नवसाक्षरांची एक अडचण असते. वर्ग संपला आणि वाचायला काही उरलं नाही, की अक्षरं विस्मरणात जातात. शहरी हिंदी वर्तमानपत्राची भाषा त्यांना परकी, त्यातल्या बातम्याही परक्या. म्हणून बायकांनीच मजकूर आणि चित्रं जमवून ‘महिला डाकिया’ नावाचं वार्तापत्र काढलं. गावातली भांडणं, पंपाची कामं, रोगराई, लग्नं, गाणी असं सगळं त्यात असे. निधी आटल्यावर दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. गावोगावच्या बायका मात्र विचारत राहिल्या, आमचा ‘डाकिया’ का येत नाही?

२००२ ते २०१० : सात जणींचं पत्र

‘निरंतर’च्या पुढाकाराने आणि स्थानिक बायकांच्या आग्रहाने मे २००२ मध्ये ‘खबर लहरिया’चा पहिला अंक निघाला. सुरुवात सात जणींनी केली. त्यांपैकी कुणी दलित, कुणी कोल, कुणी मागास जातीतली. काही जणी जेमतेम पाचवी-सातवीपर्यंत शिकलेल्या, तर काहींनी संसार सांभाळत मोठेपणी शिक्षण पुरं केलेलं. बांदा जिल्ह्यातल्या कुंजनपुरव्यात वाढलेल्या कविता यांचं लग्न बाराव्या वर्षी झालं होतं. घरच्यांचा विरोध पत्करून त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि या गटात आल्या. मीरा जाटव यांनी संपादनाची धुरा सांभाळली. ‘निरंतर’कडून शालिनी जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षण, नियोजन आणि निधी उभारणीचा भार उचलला. पण कुणा एकीचं नाव पुढे करणं या पत्राच्या स्वभावात नव्हतं. बातमी आणायची तीच लिहायची, तीच मांडणीला बसायची आणि तीच गावात नेऊन विकायची.

पत्र आधी पाक्षिक होतं, नंतर साप्ताहिक झालं. पानं आठ, किंमत दोन रुपये. अक्षरं मोठी, वाक्यं छोटी, भाषा घरात बोलतात ती बुंदेली. जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या आणि जगाच्या बातम्या एकाच अंकात असत, कारण आपल्या वाचकाला फक्त गावापुरतंच कळावं हे त्यांना मान्य नव्हतं. संपादकीय बैठकीत प्रत्येक बातमीवर सगळ्यांनी बोलायचं. ‘हे कुणी सांगितलं? दुसऱ्या बाजूला विचारलं का? कागद पाहिला का?’ हे प्रश्न रोजचे होते. पत्रकारितेच्या महाविद्यालयात जे शिकवतात, ते इथे घासाघिशीतून शिकलं गेलं.

विक्रीचं काम बातमी आणण्याइतकंच कठीण होतं. बसमध्ये, चहाच्या टपरीवर, तहसील कचेरीच्या आवारात, आठवडी बाजारात या बायका हातात गठ्ठा घेऊन उभ्या राहत. ‘बाई पेपर विकते’ हेच लोकांना नवल. त्यात ती दलित असेल, तर जात विचारल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा देत नसे. गावातली उच्चवर्णीय मंडळी आधी हसली आणि मग चिडली. पण हळूहळू तीच मंडळी अंक मागू लागली, कारण आपल्या गावातल्या रस्त्याच्या ठेक्याची बातमी दुसऱ्या कुठल्या पत्रात येत नव्हती.

या पत्राची खरी कसोटी बातमी छापून झाल्यावर सुरू होई. मोठ्या पत्राचा प्रतिनिधी गावात येतो आणि निघून जातो. इथली बातमीदार दुसऱ्या दिवशी त्याच पंपावर पाणी भरत असे. रेशन दुकानदार तिच्या नातेवाइकांना ओळखत असे, ग्रामप्रधानाचा मुलगा तिच्या भावासोबत शाळेत असे. दडपण तिथून येई. जबाबदारीही तिथूनच येई. चुकीचं छापलं तर विचारणारा दारात उभा, आणि बरोबर छापलं तर ‘मग पुढे काय झालं’ असं विचारणाराही दारातच. म्हणून पाठपुरावा हा या संस्थेत कधी वेगळा शिकवावा लागला नाही.

२००६ मध्ये बांदा जिल्ह्याची आवृत्ती निघाली. याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा अमलात आला. महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सत्तरच्या दशकातच जी योजना राबवली होती, तिचंच हे देशव्यापी रूप. बुंदेलखंडात दुष्काळाने गावं ओस पडत होती आणि रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळते की नाही हाच घराघरांतला प्रश्न होता. ‘खबर लहरिया’ने हजेरीपट, जॉबकार्ड, थकलेली मजुरी यांच्या बातम्या सातत्याने दिल्या. ददुआसारख्या दरोडेखोरांचा दरारा असलेल्या या भागात पोलिसांच्या आणि टोळ्यांच्या बातम्याही दिल्या, आणि त्यासाठी लागणाऱ्या धैर्याची कल्पना दूर बसून येणार नाही.

बाहेरच्या जगाने दखल घेतली ती २००४ मध्ये, चमेलीदेवी जैन पुरस्काराच्या रूपाने. उत्कृष्ट महिला पत्रकाराला दिला जाणारा हा मानाचा पुरस्कार इथे एका सामूहिक गटाला मिळाला. २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार ‘निरंतर’ला या पत्रासाठी मिळाला. पुरस्कारांनी आर्थिक ओढाताण संपली नाही. पण पोलीस ठाण्यात गेल्यावर खुर्ची मिळू लागली, असं या बायका सांगत आल्या आहेत.

२०१० चं दशक : कागदाकडून कॅमेऱ्याकडे

दशकाच्या सुरुवातीला पत्र झपाट्याने वाढलं. महोब्यात बुंदेली, उत्तर प्रदेशाच्या अन्य भागांत अवधी आणि भोजपुरी, बिहारमधल्या सीतामढीत बज्जिका अशा आवृत्त्या निघाल्या. २०१२ च्या सुमारास सुमारे ६,००० प्रती निघत आणि संस्थेच्या अंदाजाने वाचक ८०,००० च्या घरात होते. एकेक प्रत गावात मोठ्याने वाचली जाई, म्हणून हा फरक. २०१३ मध्ये संकेतस्थळ सुरू झालं. पत्र ‘निरंतर’च्या छत्राखालून बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहिलं. पुढे ‘चंबल मीडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि दिशा मलिक, कविता, शालिनी जोशी यांच्यासह अनेकींनी नवी घडी बसवली. अशा स्थित्यंतरात प्रत्येकीचं म्हणणं वेगळं असतं. सगळ्यांनी मिळून काम थांबू दिलं नाही, हे नोंदवलं पाहिजे.

या दशकातला एक कठीण प्रसंग मात्र सांगायलाच हवा. २०१५ मध्ये बातमीदारांना एका अनोळखी पुरुषाचे अश्लील आणि धमकीचे फोन महिनोन् महिने येत राहिले. नंबर बदलून, वेळीअवेळी, एकीला सोडून दुसरीला. तक्रारी करूनही पोलीस हलले नाहीत. शेवटी या बायकांनी स्वतःवर गुदरलेलं स्वतःच लिहून जाहीर केलं. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि मग अटक झाली. इतरांवरच्या अन्यायाची बातमी करणाऱ्यांना स्वतःवरच्या अन्यायाचीही बातमीच करावी लागली.

तोवर छापील पत्र चालवणं दिवसेंदिवस अवघड होत होतं. छपाई, कागद, वाहतूक, वसुली या सगळ्यात खर्च मोठा आणि पोच तोकडी. दुसरीकडे गावातल्या पोरांच्या हातात मोबाइल आले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. पेपर विकत न घेणारा माणूस फोनवर तासन् तास चित्रफिती पाहू लागला. याच सुमारास ‘खबर लहरिया’ने छपाई थांबवली आणि पूर्णपणे डिजिटल व्हायचं ठरवलं.

या निर्णयाचं मोल समजायला मागे थोडं पाहावं लागेल. साध्या माणसाच्या हातात कॅमेरा देण्याचा प्रयोग आपल्या देशात नवा नव्हता. १९८४ मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतल्या भाजीविक्या आणि कष्टकरी बायकांनी अमेरिकन निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांच्याकडून व्हिडिओचं शिक्षण घेतलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेरा जड, टेप महाग, आणि फीत दाखवायची तर टीव्ही-व्हीसीआर गावात न्यावा लागे. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि गोव्यातून काम करणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ने पुढे राज्याराज्यांतून, महाराष्ट्रातूनही, वस्तीतले वार्ताहर तयार केले. ‘खबर लहरिया’ या परंपरेत उशिरा आली. पण येताना चौदा वर्षांची बातमीदारीची शिस्त घेऊन आली. कॅमेरा धरायला आठवड्यात शिकता येतं. कुणाला काय विचारायचं, हे शिकायला वर्षं लागतात.

तरी तो आठवडा सोपा नव्हता. काही जणींच्या घरी वीज नव्हती, मग फोन चार्ज कुठे करायचा? काहींना फोनवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. मीरादेवी आणि त्यांच्यासारख्या जाणत्या बातमीदार नव्यांना शेजारी बसवून शिकवत. हे बटण दाबलं की चित्रण सुरू, हे दाबलं की बंद. फोन हलवू नकोस. बोलणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असेल तर तू जागा बदल. आधी दुरून गाव दाखव, मग रस्ता, मग खड्डा, मग ती म्हातारी. तिचं बोलणं तोडू नकोस. नाव, गाव विचार आणि तेही चित्रणातच घे. चित्रण झालं की रेंज शोधायची आणि व्हॉट्सअॅपवरून ते कार्यालयात पाठवायचं. तिकडे दोन-तीन मिनिटांची फीत तयार होऊन यूट्यूबवर चढे.

कॅमेऱ्याने एक गोष्ट बदलली. छापलेल्या बातमीला अधिकारी ‘असं आम्ही बोललोच नाही’ म्हणू शकत. आता त्यांचा चेहरा आणि आवाज दोन्ही होते. गावातल्या बाईलाही आपलं बोलणं जसंच्या तसं, आपल्या बोलीत आणि आपल्या हेलात ऐकता येऊ लागलं. मधे लेखणी नव्हती. पण धोकाही वाढला. छापील पत्रात तक्रार करणारीचं नाव झाकता येई. पडद्यावर तिचा चेहरा झाकायचं भान प्रत्येक वेळी ठेवावं लागतं, आणि बलात्काराच्या किंवा जातीय हल्ल्याच्या बातमीत हे भान जराही सुटून चालत नाही. या संस्थेने ते जपलं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं, कारण प्रेक्षकसंख्येच्या शर्यतीत भल्याभल्या वाहिन्यांनी ते सोडून दिलेलं आपण रोज पाहतो.

‘द कविता शो’, मीरादेवींचा ‘राजनीति रस राय’ असे कार्यक्रम याच काळात सुरू झाले. बुंदेलखंडातल्या बाईने कॅमेऱ्यात बघून राजकारणावर मत मांडावं, हे दृश्य तिथल्या प्रेक्षकांनीही आधी कधी पाहिलं नव्हतं. कविता या एडिटर्स गिल्ड ऑफ इंडियाच्या सदस्य झाल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या दलित महिला.

२०२० नंतर

मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली आणि सुरत, मुंबई, पुणे, दिल्लीकडे गेलेला बुंदेलखंड पायी परत निघाला. शहरातल्या वाहिन्यांनी महामार्गावरची गर्दी दाखवली. माणूस घरी पोचल्यावर त्याचं काय झालं, गावाबाहेरच्या शाळेत त्याला कसं ठेवलं, रेशन मिळालं का, रोजगार हमीचं काम मिळालं का, हे ‘खबर लहरिया’च्या बायकांनी दाखवलं. दुसऱ्या लाटेत गावातल्या दवाखान्यांची कुलपंही त्यांनीच दाखवली.

जानेवारी २०२१ मध्ये रिंतू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला दोन पुरस्कार मिळाले. छापील पत्राकडून मोबाइलकडे जाणाऱ्या याच बातमीदारांवर तो आहे. २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत नामांकन मिळवणारा तो पहिला भारतीय पूर्ण लांबीचा माहितीपट ठरला. त्याच वेळी संस्थेने निवेदन काढून सांगितलं, की माहितीपट प्रभावी आहे, पण आमचा सगळा भर एकाच पक्षाच्या बातम्यांवर असल्याचं जे चित्र त्यात उभं राहतं ते आमच्या कामाला धरून नाही. आम्ही सगळ्यांना प्रश्न विचारतो. जगभर कौतुक चाललेलं असताना असं निवेदन काढणं सोपं नव्हतं. पण वीस वर्षं ‘दुसऱ्या बाजूला विचारलं का’ असं एकमेकींना विचारणाऱ्या बायका स्वतःच्या चित्राबद्दलही तोच काटेकोरपणा दाखवणार, यात नवल नाही.

आज उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशाच्या बुंदेलखंडी जिल्ह्यांतून बातमीदार काम करतात. यूट्यूबवरचे सदस्य पाच लाखांपलीकडे गेले आहेत. नव्या मुलींसाठी ‘चंबल अकॅडमी’ हा प्रशिक्षणाचा उपक्रम चालतो. मोबाइलवर चित्रण, बातमीची पडताळणी, मुलाखत आणि गावात एकटीने फिरताना घ्यायची काळजी अशा गोष्टी तिथे शिकवल्या जातात. शिकवणाऱ्या बऱ्याचशा जणी जुन्या बातमीदारच आहेत. पैशाचा प्रश्न सुटलेला नाही. वर्गणी, देणग्या, इतर माध्यमांसाठी केलेली कामं यांतून गाडा ओढला जातो आणि दर वर्षी नव्याने जुळवाजुळव करावी लागते.

आजच्या कामाचं एक उदाहरण म्हणजे केन-बेतवा नदीजोड प्रकल्प. त्याचं भूमिपूजन २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहोत झालं. त्यातल्या दौधन धरणाखाली छतरपूर आणि पन्ना जिल्ह्यांतली गावं जाणार आहेत, त्यांत आदिवासी वस्त्या अधिक. मोबदला कुणाला मिळाला, यादीत कुणाचं नाव नाही, नवी जागा कुठे आहे आणि तिथे पाणी आहे का, हे प्रश्न घेऊन बातमीदार त्या गावांत जात आहेत.